त्यांचा तो नॉयर, आपला तो जुना पिक्चर

आमच्या ऑफिसातल्या सिनेमावेड्या मंडळींचं ठरलेलं वाक्य आहे, "मराठीत नॉयर झालंच नाही रे." 'पाठलाग' पाहिलाय का विचारलं, तर उत्तर येतं, "तो 'मेरा साया'वाला ना? स्टोरी माहितीये." म्हणजे पाहिलेला नाही!

मी या वीकांताला लासलगावला घरी पहिल्यांदा पाहिला. राजा परांजपे यांचा १९६४चा चित्रपट, जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' कादंबरीवरचा. काशिनाथ घाणेकर आणि भावना. बायको वारलेली, आणि तिच्याच चेहऱ्याची एक आरोपी बाई भर कोर्टात म्हणते, मीच तुमची बायको. वर फक्त नवरा-बायकोलाच ठाऊक अशा गोष्टी सांगते. हिंदीमुळे शेवट मला माहीत होता. तरी जागचा हललो नाही. कारण खरा ताण 'ती कोण' यात नाहीच. आपल्याला सगळं पक्कं माहीत आहे असं समजणाऱ्या माणसाची खात्री हळूहळू झिजत जाते, ताण त्यात आहे. नॉयर म्हणजे वेगळं काय असतं राव? हॅट, सिगारेट आणि पाऊस?

कुणी म्हणेल, ही तर कोर्टातली रहस्यकथा. बरं. पण १९४४ साली बिली वाइल्डरनेही 'डबल इन्डेम्निटी' नॉयर म्हणून काढला नव्हता. 'नॉयर', म्हणजे काळा, हे लेबल नीनो फ्रँक या समीक्षकाने १९४६ साली फ्रान्समध्ये लावलं. अमेरिकन पिक्चरला मागाहून फ्रेंच नाव चालतं, मग मराठी पिक्चरला का चालू नये?

राज खोसलांना यातला दम लगेच कळला. १९६६ साली त्यांचा रंगीत 'मेरा साया' आला आणि बरेलीचा झुमका देशभर गाजला. आपण मात्र "मूळ मराठीच बरं का" म्हणत कॉलर ताठ करतो आणि बघतो हिंदीच. आमच्याकडे लिलावात व्यापारी ट्रॉलीतला कांदा हातात घेऊन बघतो, मग बोली लावतो. इथे नावं ठेवणारे आणि अभिमान बाळगणारे, दोघंही माल न बघताच बोलतात.

यात नुकसान कुणाचं? जुनी रिळं जपायला, साफ करून डिजिटल करायला पैसा लागतो. ज्याला प्रेक्षकच नाही त्यावर तो कोण घालणार? एकदा रीळ गेलं की अभिमान कशाचा बाळगायचा?

असो. शेवट माहीत असला तरी 'पाठलाग' बघा. मग खुशाल भांडायला या.