पायावर भार नको, मग घराचा भार कोणावर?



मधुमेहाने पाय बधिर होतात. खडा टोचला, चटका बसला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. डॉक्टर सांगतात, पायावर भार देऊ नका. पण पाणी कोण भरणार? धुणीभांडी कोण करणार? पट्टी साडीखाली झाकून राबणाऱ्या बायका मी पाहते. वास येईल म्हणून त्या हळदीकुंकवाला जात नाहीत. पाय कापावा लागेल या भीतीने रात्ररात्र झोप नाही. घरचे म्हणतात, ‘उगाच रडतेस.’

हे उगाच नाही. लंडनमधील २००७ च्या एका अभ्यासात पहिल्यांदाच अशी जखम झालेल्या २५३ रुग्णांपैकी जवळजवळ एक तृतीयांश नैराश्याने ग्रासलेले होते. पुढच्या अठरा महिन्यांत त्यांना मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट होता.

तेव्हा विश्रांती ही घरच्यांची मेहेरबानी नव्हे, तो उपचार आहे. तो बाईला मिळायचा तर घरकामाची वाटणी व्हायलाच हवी. गटाच्या बैठकीत मधुमेह असलेल्या प्रत्येकीला आपण विचारू या: पाय रोज तपासतेस का? झोप लागते का? जखम असेल तर तिच्यासोबत दवाखान्यात जाऊ या, आणि तिच्या घरीही.