कावळा, फांदी आणि फ्लूची गोळी

सदर : आरोग्याच्या चार गोष्टी



ऑकलंडची ओली थंडी सुरू झाली की आपल्या घराघरांत दोन गोष्टी हमखास येतात. एक खोकला, आणि दुसरी म्हणजे भारतातून फोनवर मिळणारा सल्ला. "अगं, अमुक गोळी घे. आमच्या शेजारच्या काकांना दोन दिवसांत उतार पडला." सांगणाऱ्याची माया खरी असते, त्यात शंका नाही. पण उतार गोळीनेच पडला हे कशावरून? सर्दी-तापाच्या बहुतेक विषाणूंचा मुक्काम मुळातच आठवडाभराचा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, की आपण सगळं श्रेय कावळ्याला देऊन मोकळे होतो. हा घोळ शास्त्रज्ञ कसा सोडवतात, ते या वेळी पाहू.

आपल्याच गावचं उदाहरण घ्या. एप्रिल २००९ मध्ये नॉर्थ शोअरच्या रँगिटोटो कॉलेजचे विद्यार्थी आणि शिक्षक मेक्सिकोच्या सहलीवरून परतले, आणि त्यांच्याबरोबर स्वाइन फ्लू न्यूझीलंडमध्ये आला. त्यांना घरीच वेगळं ठेवून टॅमिफ्लू देण्यात आलं. मंडळी बरी झाली. आजार नवा होता, तेव्हा औषध देणं योग्यच होतं. पण एवढ्यावरून टॅमिफ्लूचा गुण किती, हे सांगता येत नाही. कारण औषध न घेतलेला तसाच दुसरा गट तुलनेला नव्हता.

चाचणीत नेमकं हेच करतात. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे दोन गट पाडतात. एकाला औषध, दुसऱ्याला दिसायला अगदी तशीच पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळालं हे रुग्णालाही ठाऊक नसतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही. टॅमिफ्लूला अमेरिकेत १९९९ मध्ये परवानगी मिळाली ती अशाच चाचण्यांवर. पुढे २०१४ मध्ये कॉक्रन या संस्थेच्या संशोधकांनी कंपनीकडचे सविस्तर अहवाल मिळवून २० चाचण्या पुन्हा तपासल्या. मोठ्या माणसांचा त्रास सरासरी ७ दिवसांऐवजी ६.३ दिवसांत कमी होऊ लागला होता. म्हणजे फायदा सुमारे १७ तासांचा, आणि त्याच्या जोडीला काहींना मळमळ आणि उलट्या.

आता मुंबईकडे वळू. जून २०२० मध्ये करोनाच्या भीतीने सगळे धास्तावलेले असताना मुंबईच्या ग्लेनमार्क कंपनीच्या फॅबिफ्लू (फॅविपिराविर) गोळीला भारतात तातडीची परवानगी मिळाली. एक गोळी १०३ रुपयांची. पहिल्याच दिवशी १८ गोळ्या, मग रोज ८, जास्तीत जास्त १४ दिवस. हिशेब केलात तर पूर्ण उपचाराचे साडेबारा हजार रुपये होतात. किंमत पुढे कमी झाली, पण तोवर अनेक घरांनी पदरमोड केली होती.

याच गोळीची चाचणी भारतातल्या सात केंद्रांवर १५० रुग्णांवर झाली होती. हिंदुजा हॉस्पिटलचे छातीविकारतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. विषाणू नाहीसा व्हायला औषधाच्या गटाला ५ दिवस लागले, दुसऱ्या गटाला ७. ऐकायला छान वाटतं. पण रुग्ण थोडे असल्यामुळे हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकत होता. लक्षणं मात्र ५ ऐवजी ३ दिवसांत गेली असं दिसलं. मात्र या चाचणीत खोटी गोळी नव्हती. आपल्याला औषध मिळतंय हे रुग्णांना ठाऊक होतं, आणि त्या समजुतीनेही माणसाला हुशारी येते. नंतर मेलबर्नमध्ये सुमारे २०० रुग्णांवर खोटी गोळी ठेवून चाचणी झाली. तीत फायदा दिसला नाही.

मग सगळी औषधं कुचकामी का? मुळीच नाही. पॅक्सलोविडच्या पहिल्या मोठ्या चाचणीत लस न घेतलेले आणि आजार बळावण्याचा धोका असलेले लोक होते. तीन दिवसांच्या आत औषध सुरू केलेल्यांत हॉस्पिटलात जाण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण ८९ टक्क्यांनी घटलं. पण एरवी धडधाकट किंवा लस घेतलेल्यांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा लक्षणं जायला १२ आणि १३ दिवस, म्हणजे जवळजवळ सारखाच वेळ लागलेला दिसला. गोळी तीच, माणसं वेगळी.

तेव्हा पुढचा फोन आला की तीन प्रश्न विचारा. औषध किती जणांवर तपासलं? तुलना कशाशी केली? आणि त्यात माझ्यासारखी माणसं होती का?

घरातले आजी-आजोबा, दमेकरी, मधुमेही, गरोदर बाई यांना ताप-खोकला आला तर "बघू दोन दिवस" म्हणू नका. फ्लूचं औषध ४८ तासांत आणि करोनाचं ५ दिवसांत सुरू व्हावं लागतं. जीपीला किंवा फार्मासिस्टला त्याच दिवशी विचारा, आणि चालू असलेली प्रत्येक गोळी, काढा, चूर्ण त्यांना सांगा. पॅक्सलोविडचं कोलेस्टेरॉलच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्यांशी जमत नाही. बॅगेतून आणलेली उरलीसुरली अँटिबायोटिकं विषाणूवर चालत नाहीत. ती कपाटातून काढाच.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर थोडं आपल्याही हाती आहे. आपल्यासारख्यांनी चाचण्यांत भाग घेतला, तरच आपल्यासारख्यांबद्दल काही कळणार. "आमच्यावर प्रयोग करतील" ही धास्ती निराधार नव्हे. इथल्याच नॅशनल विमेन्स हॉस्पिटलात बायकांना न सांगता त्यांचा अभ्यास झाला होता. १९८८ च्या कार्टराइट अहवालाने ते उघड केलं, आणि त्यातूनच १९९६ मध्ये रुग्णांच्या हक्कांची संहिता आली. आज तुमच्या लेखी संमतीशिवाय तुम्हाला औषधाच्या चाचणीत घेता येत नाही, आणि मधूनच बाहेर पडण्याचा हक्क तुमचाच असतो. कोणी विचारलं तर कागद घरी आणा, मुलांबरोबर बसून वाचा, शंका विचारा, मग ठरवा.

तोवर आलं-गवती चहाचा चहा जरूर घ्या. घशाला बरं वाटतं, आणि त्यासाठी चाचणीची वाट पाहायला नको!