नाक मोजणाऱ्यांचे वारसदार

नाशिककरांना जॅक्सन माहीत आहे तो विजयानंद नाट्यगृहातल्या गोळीमुळे. २१ डिसेंबर १९०९, ‘शारदा’चा प्रयोग, अनंत कान्हेरे, हे शाळकरी पोरालाही पाठ असते. पण हा कलेक्टर ‘पंडित’ म्हणून ओळखला जाई आणि इलाख्यातल्या शाळामास्तरांकडे प्रश्नावल्या धाडून देव, भुते, नवस, उतारे यांची माहिती गोळा करी, हे किती जणांना ठाऊक आहे? त्याच्या मागे ते गठ्ठे आर. ई. एन्थोव्हेन या दुसऱ्या सनदी अधिकाऱ्याच्या हाती आले आणि त्यांतून लोकसमजुतींचे खंड निघाले, गुजरातचा १९१४ साली, कोकणचा १९१५ साली. कोकणच्या खंडातल्या तळटिपा उघडून पाहा. माहिती देणाऱ्याच्या जागी बहुतेक ठिकाणी छापले आहे ते एवढेच: ‘शाळामास्तर, चौक, कुलाबा’. मास्तरालाच नाव नाही, मग मास्तराने ज्या कातकऱ्याला किंवा कुणबिणीला विचारले त्यांची काय कथा? पुठ्ठ्यावर साहेब, पोटात अख्खे कोकण, आणि सांगणारा बेपत्ता!

साहेब गेला. ही रीत गेली काय? नाही, त्रिवार नाही! ती आमच्याच लोकांनी दत्तक घेतली, अंगाखांद्यावर खेळवली आणि तिला ‘समाजशास्त्र’ म्हणून विद्यापीठात मानाच्या खुर्चीवर बसवले.

हर्बर्ट रिस्ले हा १९०१च्या जनगणनेचा आयुक्त. त्याने नाकाची रुंदी भागिले नाकाची लांबी गुणिले शंभर असे गणित मांडले आणि जाहीर केले की, नाक जितके रुंद तितकी जात खाली. बंदूक साहेबाची, पट्टी साहेबाची, आणि नाक मात्र आमचे! मोजणारा स्वतःचे नाक कधी मोजत नाही, हा या शास्त्राचा पहिला नियम. दुसरा नियम असा की, मोजल्या जाणाऱ्याने तोंड उघडायचे नाही. आमच्यातल्या वरच्या जातींच्या विद्वानांना हे गणित फार गोड लागले, कारण त्याने त्यांना साहेबाचे दूरचे चुलतभाऊ ठरवले होते.

आता तारखा नीट पाहा. ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, पंचविशीतल्या एका महार तरुणाने निबंध वाचला. जातीचे मूळ कातडीच्या रंगात शोधणारे युरोपीय पंडित स्वतःच रंगद्वेषाने आंधळे झाले आहेत, असे त्याने त्यांना सुनावले. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्याच्या सक्तीवर, आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही त्या कुंपणाची दुरुस्ती आहे, असा सिद्धान्त त्याने मांडला. पुढच्याच वर्षी तो निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडिस यांनी समाजशास्त्राचा विभाग काढला १९१९ साली. गोविंद सदाशिव घुर्ये केंब्रिजहून शिकून येऊन त्याचे प्रमुख झाले १९२४ साली, आणि जात व वंश यांवरचा त्यांचा गाजलेला ग्रंथ आला १९३२ साली. म्हणजे विभागाची पाटी लागण्याआधीच या शास्त्राचा पाया घालणारा निबंध छापून तयार होता, आणि तो घालणारा आंबेडकर नावाचा गडी घरचा होता!

घुर्ये लहान माणूस नव्हते. रिस्लेचे नाकाचे गणित उत्तर हिंदुस्थानाबाहेर पडताच कोलमडते, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. त्यांचे हे ऋण आम्ही नाकारत नाही. पण १९४८ साली बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या उगमावरच्या पुस्तकात घुर्यांचेच आकडे उचलले आणि ब्राह्मण व अस्पृश्य हे वेगवेगळ्या वंशांचे नाहीत, हे सिद्ध करून वंशवादाचा कणा मोडला. आकडे घुर्यांचे, घाव आंबेडकरांचा. विद्यापीठाने पहिल्याला शास्त्रज्ञ म्हटले आणि दुसऱ्याला पुढारी! १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण करणारे, वर्ण आणि वंश यांची जुलमी सोयरीक तेव्हाच ओळखणारे जोतीराव कोण? समाजसुधारक. १९३३ साली ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ लिहिणारे विठ्ठल रामजी शिंदे कोण? तेही समाजसुधारक. सुधारकाला हार घालायचा असतो. त्याचे पुस्तक परीक्षेला लावायचे नसते!

कोणी म्हणेल, शास्त्राला जात नसते. नसेल. शास्त्र्यांना असते, आणि विभाग, पदव्या, नेमणुका, परीक्षक, मासिके ही शास्त्र्यांच्या हातात असतात. इरावती कर्व्यांकडे पाहा. बर्लिनला ऑयगेन फिशरच्या हाताखाली त्यांनी कवट्यांची मापे घेतली. हा फिशर पुढे नाझींचा वंशपुरोहित ठरला. कवटीच्या ठेवणीवरून वंशाची श्रेष्ठता निघत नाही, असा निष्कर्ष बाईंनी गुरूच्या तोंडावर ठेवला. केवढी छाती! पण त्याच बाई मायदेशी परतल्यावर महाराष्ट्रातल्या जातींच्या शरीरांची मापे घेत राहिल्या. गुरूचा निष्कर्ष खोडला, गुरूची पट्टी सोडवली नाही. एवढी बुद्धिमान, एवढी निर्भय बाई जिथे अडकली तिथे आजच्या पगारी प्राध्यापकाची काय मातब्बरी?

हा रोग आमच्याच एकट्यांचा नाही. अमेरिकेत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी फिलाडेल्फियातल्या काळ्या वस्तीत घरोघर फिरून १८९९ साली ग्रंथ सिद्ध केला, आणि तिथल्या गोऱ्या समाजशास्त्राने मूळपुरुषाचा मान दिला तो शिकागोच्या प्राध्यापकांना. ही चोरी आल्डन मॉरिस यांनी २०१५ साली पुस्तक लिहून चव्हाट्यावर आणली. त्याच डुबॉइसना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिले होते आणि त्यांचे उत्तरही आले होते. दोन खंडांतल्या दोन बहिष्कृतांनी एकमेकांना ओळखले. त्यांच्या त्यांच्या विद्यापीठांना मात्र ओळख पटायला पिढ्या गेल्या.

आणि नाशिक? नाशिकने तर या शास्त्राची प्रयोगशाळाच उघडली होती. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. चार वर्षे तो धगधगत ठेवला तो दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावच्या भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाडांनी. ३ मार्च १९३४ला बाबासाहेबांनी याच दादासाहेबांना पत्र लिहून सांगितले की, मूर्तिपूजेच्या हौसेने किंवा देवळात गेल्याने आपण बरोबरीचे होऊ अशा भाबडेपणाने हा लढा उभारलेला नव्हता, दलितांना आपल्या स्थितीची जाण यावी आणि त्यांच्यात चेतना यावी यासाठी तो होता. आता ते काम झाले, शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवा! चळवळ कशासाठी उभी राहते, केव्हा थांबवायची, तिने माणसात काय पालटते, याचा इतका नितळ ताळेबंद परदेशी पंडितांच्या किती ग्रंथांत सापडेल? ‘सामाजिक चळवळी’ या प्रकरणात परदेशी नावांची जपमाळ ओढणाऱ्या प्राध्यापकांना आमचा सवाल आहे: हे पत्र तुम्ही सिद्धान्त म्हणून शिकवता, की जयंतीच्या भाषणासाठी राखून ठेवता? काळारामाचे दार उघडले, विद्यापीठाचा गाभारा अजून सोवळ्यातच आहे!

गोपाळ गुरू यांनी २००२ साली या सोवळ्याचे नेमके वर्णन केले: सिद्धान्त मांडणारे ब्राह्मण, तपशील पुरवणारे शूद्र. त्याच सुमारास पुण्यात शर्मिला रेगे जातीबाहेर ढकललेल्यांच्या जागेवरून ज्ञान कसे घडते हे शिकवत होत्या, दलित बायकांची आत्मकथने समाजशास्त्राच्या वर्गात साक्षीपुराव्याच्या मानाने वाचत होत्या. त्या २०१३ साली गेल्या. अशी माणसे अपवाद म्हणून मिरवली जातात, नियम होऊ दिली जात नाहीत. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरची पोरे आज पदव्युत्तर वर्गात येतात. त्यांना विषय सुचवला जातो तो स्वतःच्याच जमातीच्या लग्नविधींचा! देशस्थ, चित्पावन, मराठा यांच्या घरातल्या सत्तेचा अभ्यास कर, असे त्यांच्यातल्या कितींना सांगितले जाते?

यात नुसता मानापमान नाही, भाकरी आहे. आदिवासी विकास आयुक्तालय नाशकात आहे, जमातींचे दाखले तपासणारी समितीही नाशकात बसते. दाखल्यावर संशय आला की दक्षता पथक घरी येते. कुलदैवत कोणते? लग्नात कोणते विधी? मयत पुरता की जाळता? सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४च्या माधुरी पाटील निकालाने या चौकशीला चौकट दिली, आणि उत्तरे ज्या वर्णनांशी ताडून पाहिली जातात त्यांची मुळे एन्थोव्हेनच्या जाती-जमातींच्या खंडांत आणि तसल्याच जुन्या ग्रंथांत आहेत. बोगस आदिवासी आहेत, ते खऱ्यांच्या ताटातला घास ओढतात, त्यांना खुशाल हाकला. आदिवासी संघटनांचा संताप रास्त आहे. पण ज्या पोराचा बाप पोटासाठी सातपूरच्या कारखान्यात आला, जे आश्रमशाळेत वाढले, त्याने शंभर वर्षांपूर्वीच्या साहेबाच्या वर्णनाबरहुकूम डोंगऱ्या देवाची पूजा सांगितली नाही तर त्याचा आदिवासीपणा खोटा? देशस्थाच्या पोराला कॉलेजच्या दारात कोणी अडवते का, की शाखा सांग, संध्या म्हणून दाखव, नाहीतर तू ब्राह्मण नव्हेस! एका समाजाला काळाबरोबर बदलण्याची मुभा आणि दुसऱ्याने पुस्तकातल्या चित्रासारखे गोठून राहावे, ही कुठली विद्या? मार्च २०२३मध्ये त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी बजावले की, कुलदैवत आणि विधी विचारण्याची ही चाचणी निर्णायक कसोटी नव्हे. निकाल लागला. पण वर्षानुवर्षे डोक्यात बसलेली सवय एका निकालाने उठते काय?

नव्या शैक्षणिक धोरणाच्या नावाने अभ्यासक्रम पुन्हा लिहिले जात आहेत. मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय नाशकात, पुणे विद्यापीठाचे उपकेंद्र नाशकात. अभ्यास मंडळांनो, १९१६चा निबंध पहिल्या सत्राच्या पहिल्या घटकात घाला, ‘पर्यायी विचार’ असल्या कोनाड्यात नको. ज्या संशोधनाची माहिती पाड्यावरच्या माणसांनी दिली, ते छापण्याआधी त्यांच्या बोलीत त्यांच्यापुढे वाचून दाखवा आणि त्यांचे आक्षेप पानाखाली नव्हे, पानात छापा. आणि दक्षता पथकाच्या अधिकाऱ्याने पोराला कुलदैवत विचारण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे: पोराने दिलेले उत्तर बरोबर की चूक, हे आपण कोणत्या आदिवासीने लिहिलेल्या पुस्तकावरून ठरवणार आहात?