पक्ष नाही, झेंडा नाही, तरी मतदान



निवडणूक जवळ आली की आमच्या ज्येष्ठांच्या मोआदोनमध्ये चहा थंड होतो आणि माणसं गरम होतात. कोण कुठल्या पक्षाचा, कोणाचा नेता किती खोटा, यावर टेबलं वाजतात. मी बहुतेक वेळा विणकाम घेऊन गप्प बसते. पण परवा एक काका म्हणाले, "सिस्टर, तुम्ही बरं ओमानात राहिलात. तिथे निवडणूकच नाही, भांडण नाही, सुखी लोक." तेव्हा माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, काका, तिथे निवडणूक असते. नसतात ते पक्ष. आणि सुखाचं म्हणाल तर ते थोडं निराळं आहे. तेच आज लिहिते.

मी १९७९ साली मस्कतला गेले ती भारतीय पासपोर्टावर, आणि १९९५ मध्ये इथे आलिया केली. सोळा वर्षं तिथल्या वॉर्डात काढली. आडनावाच्या शेवटी 'कर' असल्यामुळे मी सगळ्यांना फक्त हिंदी सिस्टर. शुक्रवारी संध्याकाळी क्वार्टरमध्ये दिवा लावायची, कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

तिथले म्हातारे पेशंट जुन्या गोष्टी खूप सांगत. १९७० पर्यंत सुलतान सईद बिन तैमूर यांचं राज्य होतं. रात्री मस्कतच्या वेशीचे दरवाजे बंद होत आणि त्यानंतर बाहेर पडायचं तर हातात कंदील लागे. अख्ख्या देशात शाळा तीन, त्याही मुलांच्या, आणि डांबरी रस्ता जेमतेम दहा किलोमीटर. चलन मात्र आपलं, म्हणजे भारताच्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी काढलेला रुपया. आणि या सुलतानांचे वडील तैमूर बिन फैसल गादी सोडून शेवटी मुंबईतच राहिले आणि १९६५ मध्ये तिथेच वारले. २३ जुलै १९७० ला मुलगा काबूस यांनी वडिलांना बाजूला करून गादी घेतली. एका आजोबांना मी विचारलं होतं, बाबा, तुमच्याकडे स्वातंत्र्य कशाला म्हणता? म्हणाले, "कंदील न घेता रात्री दायीला बोलवायला जाता येतं, ते." मी सुईणीचं काम शिकलेली बाई, मला ते लगेच समजलं.

पण सगळे असं म्हणत नसत. आतल्या डोंगराळ भागातले, निझवाकडचे पेशंट जरा जपून बोलत. तिथे पूर्वी इमामाचं राज्य होतं आणि इमाम हा बापाच्या जागी मुलगा असा नव्हे, तर विद्वान आणि मानकरी मिळून निवडत. इबाधी पंथाची ती हजार वर्षांहून जुनी रीत. १९५४ मध्ये गालिब बिन अली यांना शेवटचा इमाम म्हणून निवडलं. मग सुलतानाशी लढाई झाली, इंग्रजांची विमानं आली, १९५९ पर्यंत सगळं संपलं. इमामाच्या माणसांनी स्वातंत्र्याची मागणी थेट युनोत नेली होती. म्हणजे एकाच वॉर्डात, पलंग नंबर चार आणि पलंग नंबर सात यांचं स्वातंत्र्य वेगवेगळं. दोघांना सलाइन मात्र एकच.

आता निवडणुकीचं. १९९१ मध्ये सुलतान काबूस यांनी मजलिस अल-शूरा म्हणजे सल्लागार सभा काढली. सुरुवातीला प्रत्येक विलायतीतले, म्हणजे आपल्या तालुक्यातले म्हणा, मानकरी नावं सुचवत आणि त्यातून सुलतान निवडत. १९९४ ला मस्कतच्या बायकांना त्यात जागा मिळाली आणि दोन बायका निवडून आल्या. मी तेव्हा तिथेच होते. त्याच वर्षी डिसेंबरात राबिन मस्कतला येऊन गेले. मी पेपर दोनदा वाचला आणि घडी करून पेटीत ठेवला. पुढे २००३ मध्ये एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक नागरिकाला मत मिळालं. ४ ऑक्टोबरला मतदान झालं, ८३ जागा, त्यात दोन बायका.

पक्ष काढायला तिथे तेव्हाही बंदी होती आणि आजही आहे. मग लोक मत कशावर देतात? उमेदवार कुठल्या कबिल्याचा, त्याचा शेख कोण, आणि हा माणूस आपलं काम करून देईल का, यावर. रस्ता, पाण्याची लाइन, मुलाची नोकरी, म्हाताऱ्याला परदेशी उपचाराला पाठवायची चिठ्ठी. मोठमोठे प्रश्न सभेत नाही, घरच्या बैठकीत कॉफी-खजुरावर बोलायचे. नेत्याबद्दल, म्हणजे सुलतानाबद्दल, मत विचारायचंच नाही. शिकाऊ नर्सला आम्ही सांगत असू ना, डॉक्टरांच्या राउंडला मध्ये बोलायचं नाही, तसं.

माझी एक विद्यार्थिनी होती. नाव छापत नाही. झांझिबारहून परत आलेल्या ओमानी घरातली, अरबी-स्वाहिली-इंग्रजी तिन्ही बोलणारी, हाताला फार हलकी. मला खाला म्हणायची. मी इथे आल्यावर पत्रं कमी झाली. पण २००७ च्या हिवाळ्यात मी अलिबागला घरी गेले होते, तेव्हा ती वडिलांना घेऊन मुंबईला उपचाराला आलेली. तिने निरोप धाडला, मी लाँच पकडून भेटायला गेले.

त्याच ऑक्टोबरच्या २७ तारखेला त्यांच्याकडे निवडणूक झाली होती. उमेदवारांना पहिल्यांदाच उघड प्रचाराची मोकळीक होती, रस्त्यावर फलक लागले होते. वीसेक बायका उभ्या होत्या. एकही आली नाही. मी म्हटलं, अगं, तू तर सगळ्यांना सांगत असशील बाईला मत द्या म्हणून! ती खिडकीकडे बघत म्हणाली, "सांगितलं खाला. वॉर्डात सांगितलं, शेजारी सांगितलं. सगळे हो म्हणाले. आणि मीच दिलं नाही."

का? तर तिच्या चुलत्याच्या मेहुण्यांपैकी एक उभा होता. वडिलांच्या आजाराची कागदपत्रं त्याच्याच ओळखीने हलणार होती. सगळं घर एका गाडीतून मतदानाला गेलं. "आतमध्ये कोणी बघत नव्हतं," ती म्हणाली, "तरी मला वाटलं अब्बा मागे उभे आहेत."

वाचकहो, मी तिला काय उपदेश करणार? मी तिला माझीच गोष्ट सांगितली, जी तोवर कोणाला सांगितली नव्हती. मार्च १९७७. मी मुंबईत नोकरीला होते. आणीबाणीत नसबंदीचे आकडे भरायचे दिवस आम्ही नर्सांनी डोळ्यांनी पाहिले. कोणाकोणाला कसं आणलं जाई, तेही पाहिलं. माझं मत ठरलेलं होतं. नाव गावच्या यादीत, म्हणून भाऊच्या धक्क्यावरून रेवसला उतरून घरी आले. पप्पा जुने काँग्रेसवाले. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "आपली गावात चार घरं. ज्यांनी आजवर सांभाळलं त्यांना सोडायचं नाही." सकाळी मी गाय-वासरावर शिक्का मारला. आमच्या कुलाब्यातून शेकापचे दि. बा. पाटील निवडून आले, दिल्लीत सरकार बदललं. माझ्या एका मताने काही अडलं नाही. पण त्या शिबिरातल्या बायकांची तोंडं मला त्या दिवशी आठवली नाहीत असं नाही. आठवली, आणि तरी शिक्का तिथेच पडला.

ती रडली, मी रडले, मग दोघींनी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बटाटावडा खाल्ला.

तेव्हापासून निवडणुकीआधी कोणी "लोकांचं मत असं आहे" म्हणालं की मी विचार करते, मत विचारलं कुठे? चारचौघांत, का गाडीत बसताना, का पडद्याआड? तिन्हींची उत्तरं एका माणसाची असली तरी वेगळी असतात. ताप काखेत घ्या, तोंडात घ्या, आकडा थोडा बदलतोच.

आणि पक्षांना आपण शिव्या देतो, मीही देते. पण ओमानातल्या बायकांचं बघून मला पक्षाचा एक उपयोग कळला. आपल्या कनेसेतमध्ये यादीला मत जातं. यादीत बाई वरच्या नंबरवर असली की ती येते, तिच्या चुलत्याला विचारावं लागत नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीत राखीव जागा झाल्या, आधी एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या, म्हणून आमच्या गावाकडच्या बायका खुर्चीवर बसल्या. ओमानात प्रत्येक बाईने एकटीने उभं राहायचं आणि कबिल्याच्या मतांशी लढायचं. पुन्हा एका विलायतीला जागा एक, मोठी असेल तर दोन. नेमणुकीच्या सभेत सुलतान बायकांना घेतात, मंत्रीही करतात. २००४ पासून बाई मंत्री आहे. पण लोकांच्या मतांतून २०११ ला एक, २०१५ ला एक, २०१९ ला दोन.

२०११ मध्ये सोहारला तरुण मुलं नोकऱ्यांसाठी रस्त्यावर आली, गोळीबारात माणूस गेला. त्यानंतर शूराला कायद्याच्या कामात थोडे जास्त अधिकार मिळाले. म्हणजे तिथले लोक मुके नाहीत, एवढंच त्या काकांना सांगायचं होतं. काबूस १० जानेवारी २०२० ला गेले, आता सुलतान हैथम आहेत.

२९ ऑक्टोबर २०२३ ला पुन्हा मतदान झालं, या वेळी मोबाइलवरच्या अ‍ॅपवर. आमच्याकडे ते सायरनचे दिवस होते. तिचा व्हॉट्सअ‍ॅप येईल असं मला वाटलं नव्हतं, खरं तर येणार नाही अशी मनाची तयारी केली होती. आला. आधी विचारलं, "खाला, सुखरूप ना?" मग खाली लिहिलं, की या वेळी स्वयंपाकघरात एकटीने बसून मत दिलं, बाईला दिलं. मी निकाल पाहिला. जागा ९०, उमेदवार ८४३, त्यात बायका ३२, निवडून आल्या शून्य.

मी तिला तेच कळवलं, शून्य म्हणून. तिने उत्तर दिलं, "माहीत आहे. पण माझं एक धरलं का?"

धरलं गं बाई. पुढची त्यांची निवडणूक २०२७ ला. तोवर देव मला डोळे आणि चष्मा दोन्ही ठेवो. आणि आपली येईल तेव्हा, मुलांनो, आम्हा म्हाताऱ्यांना गाडीतून मतदानाला न्या जरूर, पण वाटेत विचारू नका.

लेहित्राओत.