हिशेब घरचा : जहाजावरच्या ‘स्पा’चा पास घ्यावा का?

नवी मुंबईहून एका भगिनीचे पत्र आले आहे. यजमान महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झाले. स्वतः त्या तीस वर्षे लोकांची धुणीभांडी करून आता घरी बसल्या आहेत. थोरली मुलगी दुबईत नर्स आहे. तिने आईवडिलांसाठी मोठ्या प्रवासी जहाजाची सात रात्रींची सफर ठरवली, तिकिटेही काढली. आता ती फोनवर म्हणते, “आई, जहाजावर स्पा आहे. तुम्हा दोघांचा आठवड्याचा पास काढते. तुझी कंबर मोकळी होईल.” किंमत ऐकून बाईंची झोप उडाली. धाकट्याची आयटीआयची फी भरायची आहे. त्या विचारतात, पास घे म्हणू, की ते पैसे इकडे पाठव म्हणू?

या सदरात तूरडाळ, रेशन आणि पतपेढीचे व्याज यांची चर्चा चालते. त्यात स्पा कुठून आला म्हणून काही बंधू हसतील. हसू नये. आपली मुले-मुली आखातात नोकऱ्या करतात, परदेशी जहाजांवर खोल्या आवरतात, भटारखान्यात राबतात. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांची घरे झाडली त्या आईबापांना एकदा समुद्र दाखवावा असे त्यांना वाटते, यात गैर काय? अडचण एवढीच की दरपत्रक इंग्रजीत असते आणि नेमके काय विकत घेतो आहोत ते घरात कोणालाच ठाऊक नसते.

आधी तेच पाहू. मोठ्या जहाजांवर स्पा म्हणून एक वेगळे दालन असते. तिथे मालिश, चेहऱ्याचे लेप, केस, नखे अशी कामे होतात आणि प्रत्येकाचे पैसे वेगळे पडतात. आठवड्याचा पास असतो तो यासाठी नव्हे! तो असतो शेजारच्या ‘थर्मल’ म्हणजे उष्णतेच्या विभागात जाण्यासाठी. वाफेची खोली, लाकडी फळ्यांची कोरड्या उष्णतेची खोली म्हणजे सौना, खालून गरम केलेले फरशीचे बाक, आणि पाण्याचे जोरदार फवारे सोडणारा कोमट हौद. काही जहाजांवर मिठाची खोली असते, काहींवर बर्फाची. बाईंच्या कंबरेला हात लावणारे तिथे कोणी नाही. पास घेऊन मालिश फुकट मिळेल असे समजून पुष्कळजण पैसे भरतात.

आणि जे फुकट आहे ते कोणी ओरडून सांगत नाही. डेकवरचे पोहण्याचे तलाव, त्यालगतचे गरम पाण्याचे छोटे हौद, व्यायामशाळा, हे बहुधा तिकिटातच येते. काही जहाजांवर कपडे बदलण्याच्या खोलीला लागून साधी सौना असते, तिलाही पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते गर्दी टाळण्याचे आणि शांततेचे. शांतता ही काही वाईट वस्तू नव्हे. एका खोलीत सहा माणसांनी आयुष्य काढले त्यांना तिची किंमत जास्त कळते. पण किंमत आहे, तर हिशेब हवा.

पासाचा दर जहाजाप्रमाणे बदलतो. दर माणशी दोनशे डॉलर धरू, आणि डॉलर नव्वद रुपयांचा धरू. एकाचे अठरा हजार, दोघांचे छत्तीस हजार. इथल्या बँकेच्या कार्डावर भरले तर परकीय चलनाचा आकार साडेतीन टक्क्यांपर्यंत लागतो, म्हणजे आणखी साडेबाराशे रुपये गेले. आता वापर किती? बाईंनी सफरीचा कार्यक्रम पत्रासोबत पाठवला आहे. दुबई, अबू धाबी, दोहा, बहारीन, रोज नवे बंदर. पूर्ण दिवस समुद्रात असा एकच. पहिल्या दिवशी चढता चढता दुपार होते, शेवटच्या दिवशी सकाळीच उतरवतात. बंदरात दिवसभर पायपीट करून आल्यावर संध्याकाळी तीनदा गेल्या, समुद्रातल्या दिवशी दोनदा गेल्या, तर झाल्या पाच फेऱ्या. अठरा हजार भागिले पाच. एका माणसाच्या एका फेरीला ३६०० रुपये!

हाच पास जिथे तीन-चार दिवस नुसते पाणीच पाणी आहे अशा सफरीत, रोज सकाळ-संध्याकाळ जाणाऱ्याने घेतला आणि बारा फेऱ्या केल्या, तर फेरी पडते दीड हजाराला. म्हणून पासाची किंमत विचारण्याआधी कार्यक्रमात समुद्रातले दिवस किती ते मोजावे. मुंबईहून २०२१ सालापासून कॉर्डेलिया कंपनीच्या ‘एम्प्रेस’ जहाजाच्या सफरी सुरू झाल्या. हे जहाज १९९० सालचे, पूर्वी परदेशात चाललेले. तशा दोन-तीन रात्रींच्या सफरीत जेवणे, नाचगाणी आणि गोवा पाहण्यातच वेळ संपतो. तिथे स्पाच्या भानगडीत पडूच नये.

मालिशचा भाव वेगळा. पन्नास मिनिटांचे दीडशे डॉलर धरले, तर अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर अठरा ते वीस टक्के बक्षिसी बिलातच चढवतात, म्हणजे १८० डॉलरपर्यंत गेले. जहाज बंदरात उभे असते आणि लोक खाली उतरलेले असतात, त्या दिवशी पुष्कळदा सवलत देतात. ज्याला खरोखर मालिशच हवी त्याने तेव्हा विचारावे.

मालिश करणाऱ्या मुलीविषयी थोडे सांगितले पाहिजे. स्पा बहुधा जहाज कंपनी स्वतः चालवत नाही, तो ठेक्याने दिलेला असतो. वनस्पावर्ल्ड नावाची कंपनी कितीतरी मोठ्या जहाजांवरचे स्पा चालवते. २०१९ पासून तिचे शेअर अमेरिकेच्या बाजारात आहेत. काम करणाऱ्या मुली फिलिपाईन्स, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका, भारत अशा देशांतून येतात आणि त्यांची कमाई बरीचशी विक्रीच्या कमिशनवर असते. म्हणून मालिश संपली की ती मुलगी मलमाच्या बाटल्या पुढे मांडते. तुमच्या त्वचेत दोष आहे, शरीरात विष साठले आहे, असे सांगते. घाम म्हणजे पाणी आणि मीठ. शरीरातला नको तो माल बाहेर काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंड करतात, वाफ नव्हे. पट्ट्या गुंडाळून कंबर इंचभर कमी झाली तरी पाणी प्यायल्यावर ती परत येते. तेव्हा घेऊ नका. पण त्या मुलीवर डाफरू नका. तीही घर सोडून महिनोन् महिने पाण्यावर राबते आहे. जहाजावरच्या कामगारांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यातली कमाल मर्यादाच चोवीस तासांत चौदा तास आणि आठवड्याला बहात्तर तास काम अशी आहे. मर्यादा इतकी, मग काम किती असेल ते आपल्या कष्टकरी वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता जी गोष्ट कोणी बोलत नाही ती. हौदात साडी किंवा सुती सलवार-कमीज घालून उतरू देत नाहीत, पोहण्याचाच पोशाख लागतो. बहुतेक ठिकाणी स्त्री-पुरुष एकत्र असतात. काही जर्मन जहाजांवर तर सौनात कपडेच घालत नाहीत. तिथे आपली बाई दारातून परत फिरेल. पूर्ण बाह्यांचा, पायघोळ नायलॉनचा पोहण्याचा पोशाख बाजारात मिळतो. तो चालेल का, हे मुलीने कंपनीला आधी विचारावे. पोशाख घरी घालून पाहावा. पहिल्याच दिवशी संकोच वाटून बाई परत गेल्याच नाहीत, तर अठरा हजारांची ती एकच फेरी ठरेल.

प्रकृतीचे दोन शब्द. यजमानांना मधुमेह आहे असे पत्रात आहे. मधुमेहात पायाची जाणीव कमी झालेली असेल तर गरम बाकावर भाजलेले कळत नाही. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला वाफेतून एकदम उठल्यावर चक्कर येते. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत जाऊच नये, आणि दारू पिऊन कोणीही जाऊ नये. गरम पाण्याचा हौद नीट राखलेला नसेल तर रोगही होतो. १९९४ साली न्यूयॉर्कहून बर्म्युडाला जाणाऱ्या ‘होरायझन’ जहाजावर सुमारे पन्नास प्रवाशांना लिजनेअर नावाचा न्यूमोनिया झाला. जंतू हौदाच्या वाळूच्या गाळणीत वाढले होते. पाण्यात न उतरता नुसते जवळ बसलेल्यांनाही धोका होता. तेव्हा हौदाला कुबट वास येत असेल, कडा बुळबुळीत लागत असतील, तर पास खिशात असला तरी मागे फिरावे.

बाईंना माझे उत्तर असे. दोघांचा आठवड्याचा पास घेऊ नये. यजमानांनी तर मुळीच नको. समुद्रातल्या त्या एका दिवसाचा सुटा पास मिळाला आणि तुम्हाला मनातून जावेसे वाटले, तर एकट्या तुमचा घ्या आणि खुशाल जा. कंबरेला ऊब मिळाली की दोन-चार तास बरे वाटते, त्यापलीकडे औषध म्हणून त्याकडे पाहू नका. नुसत्या उन्हाळ्याच्या पाण्यात बसायचे असेल तर वज्रेश्वरीजवळची आणि दापोलीकडे उन्हवऱ्याची गरम कुंडे आहेत. एसटीच्या भाड्यात काम होते.

मात्र ताई, “ते पैसे पाठव” असे मुलीला लिहू नका. पास नको म्हणणे वेगळे आणि तिच्या भेटीचे रूपांतर धाकट्याच्या फीमध्ये करणे वेगळे. ते पैसे तिच्या रात्रपाळ्यांचे आहेत, ते कशावर घालायचे हे ती ठरवील. फीची गरज खरी असेल तर तो विषय स्वतंत्रपणे, सफर आटोपल्यावर काढा. आणि धाकट्यालाही शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला सांगा, घरात कमावणारी बहीण आहे म्हणून तो बसून राहिला असेल तर.

जहाजावर चढलात की पहिल्याच दुपारी स्पा फुकट दाखवतात. पाहून या, सही करू नका. पास मोजकेच असतात, आता घेतला नाही तर संपेल, असे तिथे सांगतील. कधी ते खरेही असते. परत केल्यास पैसे मिळतील का, दिवसाचा सुटा पास आहे का, बक्षिसी धरून एकूण किती, हे तीन प्रश्न मुलीकडून इंग्रजीत कागदावर लिहून घ्या आणि तो कागद काउंटरवर पुढे करा. जहाजावर रोख चालत नाही, खोलीचे कार्ड दाखवले की रक्कम खात्यावर चढते, त्यामुळे खर्च जाणवत नाही. म्हणून दर दोन दिवसांनी खात्याचा उतारा मागून पाहा, आणि न घेतलेली बाटली बिलात आली असेल तर उतरण्याच्या आदल्या संध्याकाळीच दुरुस्त करून घ्या. सकाळी त्या काउंटरवर मोठी रांग असते.