घबराटीचं खापर बातमीवर नको

जानेवारी २०२५ च्या मध्यावर लातूर जिल्ह्यातल्या उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले. महात्मा गांधी उद्यानात, हुतात्मा स्मारकाच्या परिसरात. पाहता पाहता आकडा पन्नासच्या वर गेला. भोपाळच्या प्रयोगशाळेकडून हा एच५एन१ म्हणजे बर्ड फ्लूच असल्याचा निर्वाळा आला आणि प्रशासनानं दहा किलोमीटरचा परिसर सतर्क क्षेत्र म्हणून जाहीर केला. त्याच महिन्यात नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या किवळ्याला मेलेल्या कोंबड्यांमध्येही हाच रोग निघाला. अशा बातम्या छापून आल्या की चावडीवर, कचेरीत आणि व्यापाऱ्यांच्या बैठकीत एकच सूर लागतो: पेपरवाल्यांनी बोभाटा केला, लोक घाबरले, धंदा बसला. अहवाल येईपर्यंत दम धरला असता तर काय बिघडलं असतं?

हा सूर मला मान्य नाही. मात्र तो लावणाऱ्या सगळ्यांनाच काही दडवायचं असतं असंही नाही, म्हणून त्यांचं म्हणणं आधी पुरतं ऐकलं पाहिजे.

चिकनची विक्री थांबली की पहिला मार बसतो तो कर्ज काढून शेड उभारलेल्या शेतकऱ्याला. वजन भरलेला ब्रॉयलर विकला गेला नाही तरी खात राहतो; खाद्याचं बिल थांबत नाही. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो अशी हूल उठली आणि राज्यभर किलोला दहा-वीस रुपयांनाही गिऱ्हाईक मिळेना. काहींनी पक्षी फुकट वाटले, काहींनी पिल्लं खड्ड्यात पुरली. हा घाव खरा आहे, आणि त्याची आठवण काढणाऱ्याला मी दोष देणार नाही.

पण ती हूल उठवली कुणी? मोबाइलवरून फिरणाऱ्या निनावी मजकुरानं आणि चित्रफितींनी. वर्तमानपत्रं, पशुसंवर्धन खातं आणि डॉक्टर तर उलट, कोंबडीचा आणि कोरोनाचा संबंध नाही, नीट शिजवून खा, असं कानीकपाळी ओरडून सांगत होते. तरी भाव सावरला नाही. एरवी वर्षभर लोकांना काहीच न सांगणारं खातं ऐन वेळी ‘काळजीचं कारण नाही’ म्हणालं की ऐकणारा नेमका उलटा अर्थ काढतो. रेशनच्या तांदळाचंही तेच झालं. पोषणयुक्त तांदळात शंभर दाण्यांमागे एक दाणा वेगळा असतो. तो तांदळाच्याच पिठापासून यंत्रात बनवलेला असतो आणि त्यात लोह, फॉलिक अ‍ॅसिड व बी-१२ मिसळलेलं असतं. तांदूळ धुताना तो पाण्यावर तरंगतो. घरातली बाई तो ‘प्लास्टिकचा’ समजून वेचून टाकते, आणि ज्या लेकीच्या अंगात रक्त कमी आहे तिच्यासाठी घातलेलं लोह मोरीतून वाहून जातं. हे पोतं दुकानात उतरलं त्याच दिवशी साध्या मराठीत लिहिलेला एक कागद दुकानाच्या दारावर लावला असता, तर प्लास्टिकच्या अफवेला पाय फुटले नसते. इथं बातमी कमी पडली. ती जास्त झाल्याचा हा परिणाम नाही.

शेतकऱ्याच्या नुकसानीचाच हिशेब मांडायचा तर पूर्ण मांडू. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला. त्याआधी पक्षी मरत होतेच. ही राणीखेत, म्हणजे कोंबड्यांचा दुसराच रोग, असावी म्हणून वेळ गेला, आणि शेवटी लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. रोग नियंत्रणासाठी सरकार जे पक्षी नष्ट करतं त्यांची भरपाई मिळते. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे उशिरा बोंब उठली तर शेतकऱ्याचे पक्षीही जातात आणि पैसेही जातात. लवकर आलेली बातमी त्याच्या बाजूची असते. फक्त ती पुरती हवी: बाधित क्षेत्र कोणतं, त्याबाहेरची विक्री चालू आहे का, सत्तर अंशांवर नीट शिजवलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही, मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं शिवू नये. ‘कावळ्यांच्या मृत्यूनं खळबळ’ एवढ्या मथळ्यावर थांबणाऱ्या बातमीची बाजू मी घेणार नाही. तिनं वाचकाला भीती दिली आणि करायचं काय ते सांगितलं नाही.

आता दुसरा मुद्दा: अहवाल येईपर्यंत थांबा. हा वरवर शहाणपणाचा वाटतो, म्हणूनच जास्त घातक आहे.

६ फेब्रुवारी २०२४, षट्‌तिला एकादशी. लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीत धार्मिक कार्यक्रम होता आणि महाप्रसादाला उपवासाची भगर होती. आसपासच्या सावरगाव, रिसनगाव, मस्की या गावांतलेही लोक जेवून गेले. पहाटेपर्यंत उलट्या-जुलाब सुरू झाले. बाधितांचा आकडा दोन हजारांच्या घरात पोहोचला. लोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात खाटा पुरेनात, तेव्हा शेकडो रुग्णांना नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात आणि इतरत्र हलवावं लागलं. नमुने घेतले गेले. अन्नसुरक्षा कायद्यानुसार अन्न विश्लेषकाला नमुना मिळाल्यापासून चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. बरं, चौदा दिवस थांबू. कोष्टवाडीच्या पंगतीनंतर बरोबर चौदाव्या दिवशी, २० फेब्रुवारीला, पुढची एकादशी आली. त्या दिवशी बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात, सोमठाण्याच्या हरिनाम सप्ताहात भगर-आमटीचा प्रसाद झाला आणि शेकडो भाविकांना विषबाधा झाली. दवाखान्यात जागा नव्हती. लोक उघड्यावर जमिनीवर आडवे झालेले, वर बांधलेल्या दोरीला ओळीनं सलाइनच्या बाटल्या टांगलेल्या. ती छायाचित्रं साऱ्या देशानं पाहिली.

दोन्हीकडची भगर एकाच गिरणीतली होती असं मी म्हणत नाही. म्हणणं एवढंच आहे की भगरीवर दमट हवेत अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी धरते, तिच्यातून विषारी द्रव्यं तयार होतात, आणि म्हणून सुटी भगर व दळून ठेवलेलं पीठ टाळा, पाकीटबंद घ्या, तारीख बघा, हा अन्न व औषध प्रशासनाचाच सल्ला आहे. तो द्यायला कुठल्याही अहवालाची वाट पाहायची नव्हती. कोष्टवाडीची बातमी त्या सल्ल्यासकट, पुढच्या एकादशीपर्यंत रोज, गावोगावच्या सप्ताहांपर्यंत पोहोचायला हवी होती. अहवाल दोष कुणाचा ते ठरवतो. पुढची पंगत वाचवायला कालची खबरच लागते. २०२२ च्या मे महिन्यात निलंगा तालुक्यातल्या केदारपूरच्या लग्नात तीनशेहून अधिक लोक आजारी पडले, तेव्हाही ती खबर पुढच्या पंगतीपर्यंत पोहोचायला हवी होती. आणि ‘नमुने तपासणीसाठी पाठवले’ ही ओळ दर वेळी छापून येते. त्या नमुन्यांचं पुढं काय झालं ही ओळ क्वचितच. त्याला खातं जबाबदार आहे, तसेच पाठपुरावा सोडून देणारे आम्ही लिहिणारेही आहोत.

तिसरा आक्षेप नांदेडच्या त्याच रुग्णालयाच्या निमित्तानं घेतला गेला. सप्टेंबर २०२३ सरता सरता तिथं चोवीस तासांत २४ मृत्यू झाले. त्यांत १२ नवजात बालकं होती. अठ्ठेचाळीस तासांत आकडा ३१ झाला. मोठ्या सरकारी रुग्णालयात अत्यवस्थ रुग्ण येतात, खासगीतून शेवटच्या घटकेला पाठवले जातात, मृत्यू रोजच होतात, मग एवढा गहजब कशाला, असं सांगितलं गेलं. यातलं पहिलं अर्धं खरं आहे. पण पाचशे खाटांच्या रुग्णालयात बाराशेच्या आसपास रुग्ण दाखल होते, हे महाराष्ट्राला कळलं ते त्या गहजबामुळेच. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली तीही त्यानंतर. रोज मरणाऱ्यांची बातमी होत नाही म्हणून एका दिवसाचीही होऊ नये, हा युक्तिवाद त्या बारा बालकांच्या आयांसमोर उभं राहून कुणी करून दाखवावा. हो, त्याच आठवड्यात एका खासदारांनी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावल्याची चित्रफीत पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरली आणि परिचारिकांच्या रिक्त जागा, औषधखरेदी हे प्रश्न मागं पडले. ती चूक माध्यमांची. ती सुधारायची तर आणखी बातमीदारी लागेल, कमी नव्हे.

बातमीदाराला धाकात ठेवणारे कायदे हाताशी आहेतच. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ नुसार घबराट पसरवणाऱ्या खोट्या इशाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. एप्रिल २०२० मध्ये वांद्रे स्थानकाबाहेर मजुरांची गर्दी जमली, तेव्हा ‘एबीपी माझा’चे उस्मानाबादचे पत्रकार राहुल कुलकर्णी यांना दुसऱ्याच दिवशी अटक झाली. मजुरांसाठी रेल्वे सुटण्याच्या त्यांच्या बातमीमागं दक्षिण मध्य रेल्वेचं अंतर्गत पत्र होतं. जामीन लगेच मिळाला, पण तालुक्याच्या गावी बसून लिहिणाऱ्याला जायचा तो निरोप गेला. वुहानच्या डॉ. ली वेनलियांग यांना कोरोनाबद्दल ‘अफवा पसरवता’ म्हणून पोलिसांनी समज दिली, त्यानंतर सुमारे महिन्याभरानं ते त्याच रोगानं गेले आणि रोग जगभर पसरला. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कायदा केला ही चांगली गोष्ट. पण आपल्याकडची खरी गळचेपी लाठीनं फार कमी होते, जाहिरातीनं जास्त होते. तालुका वार्ताहराला पगार नसतो किंवा नावापुरता असतो. त्याचं पोट चालतं दिवाळी पुरवणीच्या आणि नेत्यांच्या वाढदिवसाच्या जाहिरातींच्या टक्क्यावर. ज्या मिठाईवाल्याकडून त्यानं पाव पानाची जाहिरात आणायची, त्याच्याच खव्याबद्दल त्यानं लिहायचं? निजामाच्या बंदीला न जुमानता नावं बदलून ‘मराठवाडा’ पत्र चालवणाऱ्या आ. कृ. वाघमाऱ्यांच्या मुलखात हा प्रश्न मालक-संपादकांना विचारलाच पाहिजे. आरोग्याच्या बातमीदारीसाठी तरी त्याला मानधन द्या आणि जाहिरातीचं ओझं त्याच्या डोक्यावरून उतरवा.

सरकारकडून मागायचं तेही नवं काही नाही. माहिती अधिकार कायद्यात जीविताशी संबंधित माहिती ४८ तासांत देण्याची तरतूद २००५ पासून आहे. विषबाधेच्या नमुन्याचा अहवाल जीविताशी संबंधित नसेल तर कशाशी आहे? अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० खाली कुणीही गिऱ्हाईक फी भरून अन्न तपासून घेऊ शकतं, हे किती दुकानांत लिहिलेलं आहे? साथ किंवा विषबाधा उद्भवली की जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी रोज संध्याकाळी ठरल्या वेळी बोलावं: आज किती दाखल, किती घरी गेले, काय कळलं, काय अजून कळायचं आहे. अहवाल आला की तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा, दोषी दुकानाच्या किंवा गिरणीच्या नावासकट, आणि निर्दोष निघालेल्याच्याही नावासकट, कारण संशयानं त्याचाही धंदा बसलेला असतो. यासाठी मंत्रालयाकडे डोळे लावायची गरज नाही. नांदेड आणि लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी हे येत्या आषाढीच्या आत सुरू करावं. त्या दिवशी या दोन जिल्ह्यांत घरोघरी भगर शिजणार आहे.