निधी आटताना विकासकर्मींच्या प्रशिक्षणाची कसोटी

अमेरिकेच्या 'यूएसएड' या मदत संस्थेचे काम १ जुलै २०२५ रोजी औपचारिकरीत्या थांबले आणि तिचा उरलासुरला कारभार परराष्ट्र खात्याकडे गेला. त्याआधी मार्चमध्येच संस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम, म्हणजे सुमारे ५,२०० कंत्राटे, रद्द होत असल्याचे परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी जाहीर केले होते. ब्रिटननेही परकीय मदतीचे प्रमाण राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणण्याचे ठरविले आहे. आफ्रिका आणि आशियातील आरोग्य, पाणी आणि पोषणाच्या योजना चालविणाऱ्यांपुढे त्यामुळे एक रोकडा प्रश्न उभा आहे. हाती उरलेल्या थोड्या पैशांत अधिक काम कसे करायचे? या पार्श्वभूमीवर विकास क्षेत्रातील कर्मचाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाकडे नव्याने पाहण्याची गरज आहे.

सोळा चौकटींचा आराखडा

विकासकामांना व्यवस्थापनाची शिस्त लावण्याचा प्रयत्न नवा नाही. त्याची सुरुवात 'यूएसएड'मध्येच झाली. प्रकल्पांची उद्दिष्टे धूसर असतात, जबाबदारी कोणाची हे स्पष्ट नसते आणि मूल्यमापन म्हणजे परस्परांवर दोषारोप, असे चित्र दिसल्यावर १९६९ मध्ये तेथे 'तार्किक आराखडा' ही पद्धत तयार करण्यात आली. 'लॉगफ्रेम' या नावाने ती जगभर ओळखली जाते. अंतिम ध्येय, प्रकल्पाचे उद्दिष्ट, प्रत्यक्ष निष्पत्ती आणि लागणारी साधने अशा चार पायऱ्या. प्रत्येकीपुढे वर्णन, मोजमापाची खूण, पडताळणीचे साधन आणि गृहीतके असे चार रकाने. या सोळा चौकटींत अख्खा प्रकल्प एका पानावर मावतो.

ऐंशीच्या दशकात जर्मनीच्या 'जीटीझेड' संस्थेने त्याला सहभागाची जोड दिली. प्रकल्पाशी संबंधित सर्वांना एकत्र बसवून आधी समस्यांची आणि मग उद्दिष्टांची मांडणी करायची, अशी ती पद्धत. पुढे लॉगफ्रेमशिवाय निधीचा अर्ज करणे बहुतेक ठिकाणी अशक्य झाले. नियोजनाचे साधन असलेला हा तक्ता हळूहळू देणगीदाराला खूश करणारा कागद बनला, ही टीका तेव्हापासूनची आहे.

कारखाना उभा राहिला, पण...

या टीकेतील तथ्य समजण्यासाठी केनियातील तुर्काना सरोवराकाठच्या मासळी प्रक्रिया केंद्राचे उदाहरण पुरेसे आहे. पशुपालनावर जगणाऱ्या तुर्काना समाजाला मासेमारीतून रोजगार मिळावा, या हेतूने नॉर्वेच्या मदतीने १९७१ मध्ये ही योजना हाती घेण्यात आली. तिच्यावर सुमारे २ कोटी २० लाख डॉलर खर्च झाल्याचे सांगितले जाते. केंद्र बांधून पूर्ण झाले, काही दिवस चालले आणि बंद पडले. वाळवंटी भागात शीतगृहे चालविण्याचा खर्च आणि लागणारे स्वच्छ पाणी दोन्ही परवडणारे नव्हते.

'प्लेपंप'ची कथाही वेगळी नाही. मुलांनी खेळण्याचे चक्र फिरवायचे आणि त्या जोरावर जमिनीतले पाणी टाकीत चढवायचे, अशी ही आकर्षक कल्पना. २००६ मध्ये अमेरिकेत तिच्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलरची घोषणा झाली आणि २०१० पर्यंत चार हजार पंपांचे लक्ष्य ठरले. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी मुले खेळेनाशी झाली, चक्र फिरविण्याचे कष्ट बायकांच्या वाट्याला आले आणि बिघडलेला पंप दुरुस्त करणारे कोणी जवळपास नव्हते. काही गावांत तर आधीचा साधा हातपंप काढून तेथे हा पंप बसविण्यात आला होता.

या दोन्ही ठिकाणी अपयश वेळापत्रकाचे नव्हते. कामे उभी राहिली होती. 'हे कोणाला हवे आहे?' आणि 'आपण गेल्यावर ते कोण चालविणार?' हे दोन प्रश्न मात्र वेळेवर विचारले गेले नाहीत. बांधकाम किंवा सॉफ्टवेअर कंपनीत ग्राहकच पैसे मोजतो; वस्तू आवडली नाही तर तो ती नाकारतो. विकास प्रकल्पात पैसे देणारा एक आणि लाभार्थी दुसरा असतो. लाभार्थ्याला नकार देण्याची सोय नसते. उद्योगांसाठी बेतलेले व्यवस्थापनशास्त्र येथे जसेच्या तसे चालत नाही, ते यामुळेच.

स्वतंत्र अभ्यासक्रम

हीच उणीव भरून काढण्यासाठी 'पीएमफॉरएनजीओज' या संस्थेने २०१० च्या सुमारास 'पीएमडी प्रो' हा विकासकर्मींसाठीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणला. आता तो 'प्रोजेक्ट डीप्रो' या नावाने चालतो. त्याची मार्गदर्शिका विनामूल्य उपलब्ध आहे. वेळ, खर्च आणि कामाची व्याप्ती यांचा मेळ घालण्याबरोबरच समाजातील विविध घटकांचा सहभाग, जोखमींचा अंदाज आणि प्रकल्प संपताना त्याचे हस्तांतर यांवर त्यात भर आहे. गावपातळीवर उत्तम काम करणारा शिक्षक, परिचारिका किंवा कृषितज्ज्ञ बढती मिळून एकदम कोट्यवधींच्या प्रकल्पाचा प्रमुख होतो. अशांना या शिक्षणाचा निश्चित उपयोग आहे.

लोकसहभाग ही व्यवस्थापनाचीच बाब आहे, याचा अनुभव महाराष्ट्रानेही घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या लातूर-उस्मानाबाद भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साह्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात गावोगावी स्थानिक महिलांची 'संवाद सहायक' म्हणून नेमणूक झाली होती. घरदुरुस्तीची माहिती लोकांपर्यंत आणि लोकांच्या अडचणी प्रशासनापर्यंत नेण्याचे काम त्यांनी केले. कोणत्याही तक्त्यापेक्षा ही रचना अधिक बोलकी आहे.

खर्च कोणी करायचा?

खरी अडचण पैशांची आहे. देणगीदारांच्या हिशेबात कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण बहुधा 'वरखर्चा'त मोडते आणि वरखर्च कमी असणे हीच संस्थेच्या गुणवत्तेची खूण मानली जाते. भारतात २०२० च्या दुरुस्तीने परकीय देणग्यांतून करावयाच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मिळालेली परकीय देणगी अन्य संस्थेकडे वळविण्यासही मनाई झाली. मोठ्या संस्थेच्या आधाराने शिकणाऱ्या लहान संस्थांची त्यामुळे कोंडी झाली. दुसरीकडे, कंपनी कायद्यानुसार २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचा दोन टक्के वाटा सामाजिक कामांवर खर्च करावा लागतो. तेथेही वर्षाच्या आत दिसणाऱ्या कामालाच पसंती मिळते, असा स्वयंसेवी क्षेत्राचा अनुभव आहे.

निधी आटत असताना सर्वांत आधी कात्री लागते ती प्रशिक्षणाला. ही बचत महागात पडणारी आहे. २०२५ च्या जानेवारीत काम थांबविण्याचे आदेश अचानक निघाले, तेव्हा औषधांचा साठा, रुग्णांच्या नोंदी आणि स्थानिक कर्मचाऱ्यांचे वेतन यांचे काय करायचे, हा प्रश्न अनेक देशांत एकाच वेळी उभा राहिला. प्रकल्प सुरू कसा करावा हे शिकविणारे पुष्कळ आहेत. तो सुरळीत बंद कसा करावा किंवा स्थानिकांच्या हाती कसा सोपवावा, हे त्याहून कमी शिकविले जाते. यापुढच्या प्रशिक्षणाचा भर तेथे हवा. शिवाय ते देशोदेशीच्या राजधान्यांतील इंग्रजी जाणणाऱ्या अधिकाऱ्यांपुरते न राहता जिल्ह्याच्या ठिकाणी, स्थानिक भाषेत पोहोचायला हवे. मदतीचा ओघ ओसरला तरी विहिरी, दवाखाने आणि शाळा चालवायच्या आहेतच, आणि त्या चालविणारी माणसे तेथलीच असणार आहेत.